अर्ध्या आण्याचे टपाल व आजचे इंटरनेट

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही विद्वान नव्हे. जुनी अकरावी मॅट्रिक आम्ही १९७५ साली उत्तीर्ण झालो, त्यानंतर शिक्षकाची सनद घेतली आणि निवृत्तीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल देत राहिलो. अशा माणसाने इंटरनेटसारख्या नव्या विषयावर बोलावे, हे कित्येकांस विपरीत वाटेल. ‘गुरुजी, तुम्हांला त्यातले काय कळते?’ असा प्रश्न आमच्या नातवानेच काल रात्री आम्हांस केला. आम्ही त्यास म्हणालो, ‘बाळ, विहिरीचा पंप कसा चालतो हे आम्हांस कळत नाही, परंतु विहीर कोणाच्या मालकीची, पाणी कोणास मिळते आणि कोणास मिळत नाही, एवढे आम्हांस चांगले कळते.’ आजचे आमचे भाषण एवढ्यापुरतेच आहे. यंत्राविषयी आम्ही बोलणार नाही, धोरणाविषयी बोलू.

प्रारंभी एक कबुली देणे आम्हांस अवश्य वाटते. ही गोष्ट २०१९ सालच्या पावसाळ्याच्या अखेरची. आमचे गाव जावळी खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत आहे. गावात मोबाइलची रेंज नसे. ती मिळे खिंडीतल्या मारुतीच्या देवळापाशी. आपल्याच ज्ञातीतील एक कन्या, आमची एके काळची विद्यार्थिनी, एके दिवशी तिन्हीसांजेस कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्या ओटीवर आली. म्हणाली, ‘गुरुजी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. परवा शेवटची तारीख आहे. तुमच्या फोनवरून भरता येईल का?’ आम्ही नुकतेच जेवावयास बसत होतो. खिंडीपर्यंत चढून जाण्याचा कंटाळा आला. आम्ही म्हणालो, ‘अजून दोन दिवस आहेत. उद्या सकाळी पाहू.’

रात्री पाऊस कोसळू लागला. सकाळी वीज नव्हती, आणि खिंडीत जाऊन पाहतो तो रेंजही नव्हती. तिसरे दिवशी मुलीस घेऊन आम्ही एस.टी.ने तालुक्यास गेलो. दुकानात तिच्यासारख्या तीस-चाळीस मुलांची रांग होती. आमची पाळी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले, फिरत राहिले. दुकानदार बिचारा रात्री दहापर्यंत बसला. तारीख उलटली आणि अर्ज राहिला तो राहिलाच.

मुलीची फी भरणे भाग होते. तिच्या पित्याने घरातील तांब्याचे घंगाळ मोडीत घातले. ते तिच्या पणजोबांनी स्वतः घडविले होते. मठारकाम असे की हातोडीचा प्रत्येक ठोका मोजून घ्यावा. मोडीवाल्याने ते वजनावर घेतले. ठोक्यांची किंमत कोण देतो? मुलगी जिद्दीची, ती शिकली. आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. परंतु त्या घराच्या न्हाणीघरात घंगाळाची जागा मोकळी आहे, आणि तेथे गेलो की आमची मान खाली जाते. त्या संध्याकाळी आम्ही जेवणावरून उठलो असतो तर ते घंगाळ वाचले असते. हा आमचा दोष आहे आणि तो आम्ही दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही. मात्र त्यासोबत एक प्रश्नही आमच्या मनात घर करून राहिला आहे. एका मुलीचे शिक्षण एका म्हाताऱ्या मास्तराच्या कंटाळ्यावर, पावसावर आणि खिंडीतल्या मारुतीवर अवलंबून असावे काय?

कोणी म्हणेल की पूर्वीही अर्ज होते, पूर्वीही तारखा होत्या. होत्या, परंतु पूर्वी अर्ज कागदावर लिहून टपालाच्या पेटीत टाकता येई. आज ती वाट जवळजवळ बंद झाली आहे. शिष्यवृत्ती, प्रवेश, सातबारा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, नोकरीचा अर्ज, या सर्वांचे दार आता इंटरनेटमधून उघडते. शासनाने कारभार या मार्गाने चालविण्याचे ठरविले, ते एका अर्थी चांगलेच झाले. खेटे वाचले, मधल्या दलालाचे काही प्रमाणात फावेनासे झाले. परंतु ज्या क्षणी शासन म्हणते की ‘याच दाराने या’, त्या क्षणी त्या दारापर्यंतची वाट करून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. दार एकच ठेवावयाचे आणि वाट मात्र ज्याची त्याने शोधावयाची, हा न्याय नव्हे.

आता आपण थोडे मागे जाऊ. आपल्या देशात १८५४ साली टपालाचा नवा कायदा झाला. त्यापूर्वी पत्राचे हशील अंतरावर ठरे. जितके लांब तितके महाग. नव्या कायद्याने पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर ठरविला, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की पेशावरास. पुढे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि मुंबईतील गिरणीकामगाराची खुशाली कोकणातल्या त्याच्या म्हातारीस एका पैशात कळू लागली.

या टपालाचे दोन गुण आपण ध्यानात घ्यावेत, कारण आजचा सारा वाद त्या दोन गुणांभोवती फिरतो. पहिला गुण असा की ते स्वस्त होते. दुसरा गुण त्याहून मोठा आहे. टपालवाला पत्राचे वजन पाही. पत्रात काय आहे हे पाहून दर ठरवीत नसे. सावकाराचे पत्र आधी आणि कुळाचे मागाहून, अमक्या पेढीचे पत्र फुकट आणि तमक्याचे दुप्पट, असा भेद तेथे नव्हता. स्वस्ताई आणि समभाव, हे ते दोन गुण होत. इंटरनेटसंबंधी जाणती माणसे ज्यास ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात, तो दुसरा तिसरा काही नसून टपालातील हा समभावच आहे.

या समभावाची परीक्षा आपल्या देशात २०१५ साली झाली. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत फेसबुक या अमेरिकन कंपनीने येथील एका दूरसंचार कंपनीच्या साहाय्याने एक योजना आणली. प्रथम तिचे नाव इंटरनेट डॉट ऑर्ग असे होते, मागाहून ते फ्री बेसिक्स असे झाले. योजना अशी की गरिबास काही ठरावीक संकेतस्थळे विनामूल्य पाहावयास मिळावी. ती कोणती असावी, याच्या अटी मात्र कंपनीने ठरवावयाच्या. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका दूरसंचार कंपनीने अशीच योजना पुढे मांडली. तीत ज्याचे संकेतस्थळ, त्याने ग्राहकाच्या वतीने पैसे भरावयाचे होते.

प्रथमदर्शनी यात वाईट काय? खरे सांगावयाचे तर, त्या वेळी वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून आम्हीही मान डोलावली होती. ‘गरिबास फुकट मिळते आहे, मग नको कशास म्हणावे?’ असे आम्ही घरात बोललोही. परंतु विचार करू लागलो तेव्हा निराळे दिसू लागले. समजा, एखाद्या धनिकाने गावात येऊन म्हटले, ‘मी मुलांना पुस्तके फुकट देतो, मात्र जी पुस्तके मी निवडीन तीच. इतर पुस्तके हवी असतील तर पैसे मोजा.’ श्रीमंताचा मुलगा सारे ग्रंथालय वाचील, आणि गरिबाचा मुलगा त्या दहा पुस्तकांनाच सारे जग समजून बसेल. यास आपण विद्यादान म्हणू काय? शिवाय आपल्या ज्ञातीतील एखादा होतकरू तरुण उद्या स्वतःचे संकेतस्थळ काढून तांब्याची भांडी विकू लागला, तर बड्या दुकानाचे दार गिऱ्हाइकास फुकट आणि याच्या दारी येण्यास मात्र भाडे, अशी अवस्था व्हावयाची. बाजारात ओटा मिळाला, परंतु गिऱ्हाईक तेथवर पोहोचूच दिले नाही, असाच तो प्रकार.

देशातील अनेक तरुणांनी हा धोका ओळखला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्यास ट्राय म्हणतात, २०१५ च्या मार्चमध्ये लोकांची मते मागविली तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे इंटरनेटद्वारे त्याच्याकडे गेली. दुसऱ्या बाजूने कंपनीनेही मोठमोठ्या जाहिराती दिल्या. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला की इंटरनेटवर कोणता मजकूर पाहिला जातो यावरून दूरसंचार कंपन्यांनी निरनिराळे दर आकारू नयेत. आणीबाणीच्या सेवांपुरता अपवाद ठेवला. नियम मोडल्यास दिवसास ५० हजार रुपये, आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये, असा दंड ठेवला. पुढे २०१८ साली समभावाचे हे तत्त्व शासनाने दूरसंचार परवान्यांच्या अटींतही घातले. एका बलाढ्य विदेशी कंपनीस सामान्य नागरिकांच्या पत्रांनी परत फिरविले, ही गोष्ट आम्हांस अभिमानास्पद वाटते. लोकमत जागे असले तर धोरण वळते, हा यातील धडा होय.

परंतु समभाव राहिला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. खुले असलेले परवडलेही पाहिजे. या बाबतीत आपल्या देशाची प्रगती विलक्षण आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा सर्वसामान्यांसाठी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सुरू केली, तेव्हा तिची वार्षिक वर्गणी हजारो रुपये असे व प्राथमिक शिक्षकाने तिचे नावही काढू नये अशी स्थिती होती. २०१४ साली एक जीबी इंटरनेटसाठी सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ ही नवी कंपनी बाजारात उतरली, स्पर्धा पेटली, आणि आज तोच दर दहा रुपयांच्या आसपास आला आहे. जगातील अत्यंत स्वस्त दरांत आपला दर गणला जातो.

मात्र या नाण्यास दुसरी बाजू आहे. ज्या स्पर्धेने दर खाली आणले, त्याच स्पर्धेत अनेक कंपन्या बुडाल्या. एके काळी दहा-बारा कंपन्या होत्या. आज मोठ्या अशा तीन खाजगी आणि एक सरकारी उरली आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी आपले दर सुमारे ११ ते २५ टक्क्यांनी वाढविले. दरडोई पाहता वाढ थोडी दिसते. परंतु ज्या घरात चार फोन आणि एक मिळविता हात, त्या घरच्या गृहिणीस विचारा. रिचार्ज संपले की त्या घरात प्रथम कोणाचा फोन बंद पडतो? पुरुषाचा नव्हे, घरातील सुनेचा अथवा मुलीचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले की देशातील ५७ टक्के पुरुषांनी केव्हा ना केव्हा इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हेच प्रमाण केवळ ३३ टक्के होते. तेव्हा परवडणे म्हणजे केवळ दर उतरणे नव्हे, तर घरातील शेवटच्या माणसापर्यंत ती गोष्ट जाणे होय.

तिसरा प्रश्न पोहोचण्याचा. येथे आपणांस पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त घेता येईल. धरण भरलेले असते, कालवा वाहत असतो, कागदावर हजारो एकर भिजलेले असते. परंतु पाटाच्या शेवटाशी ज्याचे शेत आहे, त्यास विचारा. मुखाशी असलेला ऊस पाणी पितो आणि शेपटाशी असलेली ज्वारी वाळते. इंटरनेटचेही तसेच आहे. शहरात कंपन्या आपण होऊन धावतात, कारण तेथे गिऱ्हाईक दाट असते. डोंगरातील पन्नास उंबऱ्यांच्या वाडीवर मनोरा उभारणे कोणत्याही कंपनीस फायद्याचे नसते. अशा ठिकाणी शासनाने पुढे व्हावयाचे असते.

शासन पुढे झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २००२ सालापासून सार्वत्रिक सेवा निधी नावाची एक पेटी आहे. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील ५ टक्के हिस्सा तीत पडतो आणि तो खेड्यापाड्यांत सेवा नेण्यासाठी खर्च व्हावा असा संकेत आहे. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने तिचे नाव डिजिटल भारत निधी असे झाले. म्हणजे आपण शहरात बसून जो फोन करतो, त्यातील काही पैसा डोंगरावरील वाडीच्या नावाने बाजूस काढला जातो. ही भिक्षा नव्हे. तो वाडीचा हक्काचा पैसा आहे. त्याच निधीतून देशातील अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूच्या तारेने जोडण्याची योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली. दोन वर्षांत काम पुरे करण्याचा तेव्हाचा अंदाज होता. आज दीड तपाकडे वाटचाल झाली आहे. योजनेचे नाव भारतनेट झाले, दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत ती पोहोचली, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिच्या सुधारित स्वरूपास १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. काम प्रचंड आहे आणि देश खंडप्राय आहे, हे खरे. परंतु तार पंचायतीत आली हे एक, पेटी चालू आहे हे दुसरे, आणि तेथून शाळेत, दवाखान्यात व घरात इंटरनेट गेले हे तिसरे. पहिल्यावर समाधान मानून भागणार नाही.

केरळ राज्याने या कामी स्वतःची पावले टाकली. ५ जून २०२३ रोजी त्या राज्याने के-फोन नावाचे स्वतःचे जाळे लोकार्पण केले. गरीब कुटुंबांस विनामूल्य आणि इतरांस बेताच्या दरात सेवा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट आणि सिद्धी यांत अंतर असतेच. तथापि राज्य स्वतः रस्ता बांधावयास उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. युरोपातील फिनलंडने तर १ जुलै २०१० पासून प्रत्येक नागरिकास इंटरनेटची जोडणी मिळणे हा कायदेशीर हक्क केला.

हक्क हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. आपल्या न्यायालयांनीही तो वापरला आहे. केरळातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरण्यास बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली, आणि १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की इंटरनेट वापरता येणे हे शिक्षणाच्या व खाजगी जीवनाच्या हक्काचा भाग आहे. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील बंदीच्या प्रकरणी म्हटले की इंटरनेटद्वारे विचार मांडणे व व्यापार करणे यांस घटनेचे संरक्षण आहे, आणि अनिश्चित काळ इंटरनेट बंद ठेवता येणार नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अपंग व्यक्तींच्या संबंधात आणखी पुढे जाऊन सांगितले की अशा साधनांपर्यंत पोहोचता येणे हे जीवनाच्या हक्कातच येते.

बंदीचा हा विषय आपणांपासून दूर आहे असे कोणी समजू नये. २०२३ च्या जूनमध्ये आपल्या कोल्हापुरात तंग वातावरणामुळे काही काळ इंटरनेट बंद करावे लागले होते. शांतता राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. परंतु अफवा पसरविणारे चार आणि त्यामुळे ज्यांचे व्यवहार थांबतात ते चार लक्ष. भाजीवाल्याचे पैसे आज फोनवर येतात, रुग्णाचे अहवाल फोनवर येतात. म्हणून असा उपाय अगदी नाइलाजाने, थोड्या काळापुरता आणि लेखी कारण देऊनच योजिला जावा, असे आमचे नम्र मत आहे.

आता आमच्या वयाच्या मंडळींचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ‘हे इंटरनेट म्हणजे पोरे बिघडविण्याचे यंत्र; ते स्वस्त कशाला करावयाचे?’ असे पुष्कळजण म्हणतात. आक्षेप अगदीच निराधार नाही. आमच्या घरीही नातवंडांची मान दिवसभर खाली असते आणि जेवणाच्या पानावरसुद्धा ती वर येत नाही. परंतु लक्षात घ्या, मुलींनी शिकावे असे कोणी म्हणाले तेव्हाही ‘त्या बिघडतील’ असेच आपले पूर्वज म्हणाले होते. बिघडण्यावर उपाय संस्कार व शिस्त हा आहे. दारिद्र्य हा नव्हे. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचा मुलगा काय ते बघणारच. दर महाग ठेवून आपण बिघडणे थांबवीत नाही. केवळ गरिबाचे शिकणे थांबवितो.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते, तर शिक्षणाचा पैसा रयतेच्या मुलांवर खर्च व्हावा आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. १९११ साली नामदार गोखल्यांनी त्याच हेतूने विधेयक आणले. खर्च झेपणार नाही, वेळ आली नाही, लोकांस त्याची गरज नाही, असे आक्षेप निघाले आणि १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. छत्रपती शाहू महाराजांनी मात्र वाट पाहिली नाही. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. संपूर्ण देशात शिक्षणाच्या हक्काचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी! आज इंटरनेटविषयी तेच आक्षेप त्याच शब्दांत ऐकू येतात. पुन्हा १२८ वर्षे थांबण्याइतका वेळ आपल्या मुलांपाशी आहे काय?

मग आपण काय करावयाचे? शासनाकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे आपल्या मंडळास शोभणारे नाही. आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना प्रत्येक गावच्या सभासदाने स्वतः करावयाची आहे. येत्या ग्रामसभेत उभे राहून एवढेच विचारावे, ‘आपल्या पंचायतीत भारतनेटची पेटी आहे काय? असल्यास चालू आहे काय? तेथून शाळेस व दवाखान्यास जोडणी आहे काय?’ उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्या कायद्याची फी दहा रुपये आहे. एका चहाच्या किमतीत हे काम होते.

दुसरी सूचना मनुष्यबळाची. शिष्यवृत्ती व प्रवेश यांच्या तारखांपूर्वी पंधरा दिवस आपल्या तरुणांनी गावोगाव जाऊन मुलांचे अर्ज भरून द्यावेत. या कामी सर्वांत पहिले नाव आमचे लिहावे. ‘उद्या सकाळी पाहू’ हे शब्द आमच्या तोंडून पुन्हा निघणार नाहीत, असे या व्यासपीठावरून आम्ही वचन देतो.

तिसरी सूचना थोड्या खर्चाची आहे. तालुक्याच्या गावी आपल्या मंडळाचे सभागृह व विद्यार्थी वसतिगृह आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तीनुसार कोणताही दुकानदार अथवा संस्था आपल्या जागेत सार्वजनिक वायफाय सुरू करू शकते. त्यास परवाना लागत नाही व शासनास फीही द्यावी लागत नाही. जुन्या काळी पी.सी.ओ.च्या पिवळ्या पाट्या आपण पाहिल्या, तसेच हे. २०२५ च्या जूनमध्ये ट्रायने अशा केंद्रांकडून कंपन्यांनी किती आकार घ्यावा, यावर मर्यादाही घातली. आपल्या सभागृहात असे केंद्र उघडावे, दोन संगणक ठेवावे आणि निवृत्तांनी पाळीपाळीने तेथे बसावे.

ही सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडली तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘निधी आपल्या ज्ञातीचा, मग केंद्र आपल्या मुलांपुरतेच असावे ना? परक्यांचा खर्च आपण का सोसावा?’ प्रश्न प्रांजळ होता, म्हणून त्याचे उत्तर येथे सर्वांसमक्ष देतो. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दार निरनिराळे होते, परंतु आतील विद्या एकच होती आणि ती पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडली. आपण शासनास सांगावयाचे की इंटरनेट सर्वांस समभावाने खुले असावे. कंपनीस सांगावयाचे की कोणाचे पत्र आहे ते पाहू नको. आणि आपल्याच दारात मात्र आडनाव विचारून आत घ्यावयाचे, हे कसे शोभेल? त्या रात्री तालुक्याच्या दुकानात आपल्या मुलीच्या पुढे-मागे उभी असलेली मुले कोणत्या ज्ञातीची होती, हे आम्हांस ठाऊक नाही. त्यांच्याही घरी घंगाळे असतील. त्यांचेही आजोबा-पणजोबा काही ना काही घडवून ठेवून गेले असतील.

म्हणून आमची प्रार्थना आहे की या संमेलनात केंद्राचा ठराव संमत व्हावा, आणि त्यात ‘सर्वांसाठी’ हा शब्द असावा. भट्टीत तांबे तापविणाऱ्या आपल्या पूर्वजांनी पाणी साठविण्याची भांडी घडविली. त्या भांड्यांतून कोण पाणी प्याले, हे त्यांनी कधी विचारले नाही. तोच वारसा आपण पुढे चालवू.



जय हिंद! जय महाराष्ट्र!